शमीमआपा गोठ्यात जाऊन बघायच्या

शमीमआपा गेल्याचा फोन आला तेव्हा मी शेडमध्ये, म्हशीच्या गळ्यात बांधायचा पट्टा पाण्याच्या बादलीत बुडवून बसलो होतो. फोन राजश्रीचा, आपांच्या मासिकात ती त्यांच्या हाताखाली काम करायची. "दादा, आपा गेल्या," एवढंच बोलली. खरं सांगतो, मला आधी रागच आला. पुढच्याच महिन्यात आपा राधानगरीकडं जाणार होत्या, माझं नवं यंत्र खरंच चालतंय का ते बघायला. तसा शब्द दिला होता त्यांनी... आणि शब्द मोडणारी बाई नव्हती ती.

यंत्र म्हणजे हा पट्टाच. म्हशीचा माज, म्हणजे गाभण राहायची वेळ, बऱ्याचदा मुका असतो, मालकाला कळतच नाही. वेळ हुकली की म्हैस भाकड राहते आणि गोठ्यातलं दूध आटतं. माझा पट्टा म्हशीच्या हालचालीवरून माज ओळखून मालकाच्या मोबाईलवर मेसेज टाकतो. याची कुणकुण लागली आणि मुंबईचं एक गुळगुळीत कागदाचं बिझनेस मासिक आमच्या दारात आलं. फोटोसाठी कोट त्यांनीच आणला होता. मला हाताची घडी घालून उभं केलं. गुंतवणूकदार कोण, बाजारपेठ केवढी, पुढं कंपनी कुठं न्यायची, सगळं विचारलं. म्हैस मात्र बघायला मागितली नाही. अंक आला तर माझ्या नावापुढं 'क्रांती', आणि म्हशीच्या जागी कुठल्यातरी परदेशातल्या काळ्यापांढऱ्या गाईचा फोटो! तरी आमच्या बायकोनं तो अंक येईल त्या पावण्याला दाखवला.

आपा आल्या त्या त्यानंतर. मंगळवार पेठेत दोन खोल्यांत त्यांचं उद्योगाचं मासिक चालायचं. फौंड्रीवाले, दूधवाले, झाडून सगळे वाचायचे. स्टूल ओढून बसल्या आणि म्हणाल्या, "विलास, चालतंय कुठं ते समद्यांनी छापलंय. बंद कुठं पडतंय ते सांग की." मी छाती फुगवून म्हटलं, "बंद पडतच नाही आपा." "बरं," म्हणाल्या, "वर्षानं बघू." नव्या शोधाला त्या चार ओळी द्यायच्या. पूर्ण पान मिळायचं ते वर्षानंतर, स्वतः जाऊन बघितल्यावर. आणि बनवणाऱ्याला बरोबर न्यायच्या नाहीत. बनवणारा संगं असला की यंत्र शहाण्यागत वागतंय, असं त्यांचं म्हणणं.

वर्षानं खरंच गेल्या. राधानगरीच्या गोठ्यागोठ्यात मी विकलेले पट्टे खुंटीला लटकलेले! म्हशींना पाण्यावर नेताना पट्टा काढायला लागायचा, भिजला की संपलाच तो. संध्याकाळी धारा काढायच्या, वैरण टाकायची, त्यात परत पट्टा कोण बांधणार? आपांनी हे सगळं छापलं, खुंटीच्या फोटोसकट. त्याच वेळी एक दूध संघ आपल्या सभासदांसाठी माझे पट्टे घ्यायच्या विचारात होता. माझं डोकंच फिरलं. तडक मंगळवार पेठ गाठली. "आपा, वाटोळं केलंसा माझं!"

"म्हस पाण्यात बसती हे तुला ठावं न्हवतं व्हय रं?"

"छापायच्या आधी एक फोन तरी करायचा!"

"केला असता, तर तू च्या पाजून मला गप केलं असतंस."

शेजारपाजारचे खिडकीतून बघायला लागले. आपांनी त्यांनाही आत बोलावलं आणि सगळ्यांना सरबत दिलं. अशा बाईशी भांडायचं तरी कसं? संघानं निरोप धाडला, पाण्यात टिकेल असं करून आणा, मग बोलू. केलं. नवे पट्टे परत राधानगरीलाच दिले. आपांनी छापायच्या आधी फोन करायला हवा होता, हे मात्र मी आजही म्हणतो.

दफनाच्या दिवशी कब्रस्तानाबाहेर बराच वेळ उभा होतो. पुढं आठवड्यानं राजश्री शेडवर आली. आपांच्या आठवणींचा अंक काढायचा होता, त्यात माझी मुलाखत हवी, फोटोसह. मी म्हटलं, "मुलाखत राहू दे. तू राधानगरीला जा. मी येत नाही."

"मला आपांसारखं जमायचं नाही, दादा. आणि वाईट काही निघालं तर? संघाची बैठक तोंडावर आलीय तुमची."

"निघू दे की!" म्हणालो खरा. पण हा पट्टाही खुंटीला गेला असता तर शेडला कुलूपच लावायचं होतं.

अंक परवा आला. पट्टे म्हशींच्या गळ्यातच आहेत, पाण्यातसुद्धा. पण पावसाळ्यात तिकडं मोबाईलला रेंज नसते, मेसेज पोचतो तो दुसऱ्या दिवशी. तानाजी नावाच्या शेतकऱ्याचं बोलणं राजश्रीनं जसंच्या तसं छापलंय: "यंत्र चांगलं हाय. पर म्हशीचा माज सरतोय, मग मोबाईल वरडतोय."

तळपायाची आग मस्तकात गेली. राजश्रीला फोन लावला आणि तोंडाला येईल ते बोललो. बोलता बोलता माझाच आवाज फुटला, हुंदका आवरेना... आपा गेल्या त्या दिवसापासून अडकून राहिलेलं सगळं त्या फोनवर बाहेर आलं. राजश्रीनं हळूच विचारलं, "दादा, पुढच्या वर्षी परत जाऊ ना?"

"जा," मी म्हटलं. "आणि जाताना मला सांगू नकोस."