उतारावर बंद केलेलं इंजिन

आमच्या नातेवाइकांत एक गोष्ट सगळ्यांना पाठ आहे. माझ्या मुलीला विमानात नोकरी लागली होती आणि तिच्या आईने ती करू दिली नाही. लग्नात, बारशात कोणीतरी ही गोष्ट काढतंच. माझी बायको ऐकून घेते आणि पाणी आणायला आत जाते. गोष्ट खोटी आहे. 'नाही' मी म्हटलं होतं, फक्त बायकोच्या तोंडून.

मी जळगावला केळीच्या एका ट्रान्सपोर्टमध्ये सुपरवायझर होतो. घरात आणि बाहेर सगळे मला नानाच म्हणत. रावेर-सावद्याकडची केळी आमच्या गाड्या दिल्लीला नेत आणि येताना मिळेल तो माल भरून परतत. माझं काम ॲव्हरेज बघण्याचं. कोणती गाडी लिटरमागे किती चालली, यावर मालकाचा माझ्यावरचा विश्वास टिकून होता. ज्याचा ॲव्हरेज सगळ्यात चांगला, त्या ड्रायव्हरला दिवाळीला प्रेशर कुकर. कल्पना माझीच.

ड्रायव्हर लोक ॲव्हरेज कसा काढतात, हे मला माहीत होतं. उतार लागला की गाडी न्यूट्रलला टाकायची आणि इंजिन बंद करायचं. गाडी आपोआप पळते, डिझेल लागत नाही. असं करा, हे मी कधी सांगितलं नाही. करू नका, हेही सांगितलं नाही.

एकदा इंदूरहून परतीच्या गाडीत मी बसलो. मागे बटाट्याची पोती होती. ड्रायव्हर धुळ्याकडचा, हसतमुख माणूस. सेंधवा मागे पडलं, बिजासनचा घाट सुरू झाला आणि त्याने इंजिन बंद केलं. एवढा मोठा ट्रक आणि आवाज कसलाच नाही. फक्त वारा, ताडपत्रीच्या दोरांची करकर आणि चाकांची घरघर. मी पुढची कांब घट्ट धरली.

"नाना, भ्याऊ नका," तो म्हणाला. "मी बठ्ठा, पुरा घाट असाच उतरस."

तिसऱ्या की चौथ्या वळणावर त्याने ब्रेक दाबला आणि त्याचा पाय खोल गेला. पुन्हा दाबला. हवेचा फुस्स असा आवाज आला, गाडी मात्र हळू होईना. इंजिन बंद असलं की ब्रेकची हवा भरत नाही, हे मी कधीपासून ऐकून होतो. ऐकणं वेगळं. त्याच्या चेहऱ्यावरचं हसू जिथल्या तिथे राहिलं, पण त्यात आता काहीच नव्हतं. उजवीकडे दरी. त्याने स्टिअरिंग डोंगराच्या बाजूला ओढलं, हौद्याच्या फळ्या कातळाला घासत गेल्या आणि गाडी मातीच्या उंचवट्यात नाक खुपसून थांबली.

तो खाली उतरला, झाडाकडे तोंड करून उभा राहिला, परत आला आणि म्हणाला, "आज ॲव्हरेज चांगला निघेल नाना."

मीही हसलो. मालकाला आम्ही सांगितलं की समोरून गाडी अंगावर आली. त्या दिवाळीला कुकर त्याच ड्रायव्हरला मिळाला आणि तो माझ्याच हातून दिला गेला. पुढेही मी ती पद्धत बंद केली नाही. दुसऱ्यांची पोरं त्याच उतारावर पाठवत राहिलो.

भीती मात्र अंगात मुरली. दुपारी वीज गेली की डोक्यावरचा पंखा हळू होत होत थांबतो. ते शेवटचे काही फेरे मला बघवत नसत. मी उठून अंगणात जायचो. घरचे समजायचे, मला उकडतं.

अशात मुलगी पदवीधर झाली. तिने आपणहून अर्ज केला, मामासोबत मुंबईला जाऊन मुलाखती दिल्या आणि एका विमान कंपनीत हवाई सुंदरी म्हणून निवडली गेली. ऐंशीचं दशक संपत आलं होतं. आमच्या गल्लीतल्या कोणी विमान आतून पाहिलेलं नव्हतं. कंपनीकडे नवीन विमानं येणार होती, म्हणूनच भरती होती. विमान सेवेत आल्याचा फोटो पेपरात आला: पुढे माणसांची रांग, पायऱ्यांना झेंडूच्या माळा. मुलीने बातमी मोठ्याने वाचून दाखवली. नव्या जातीचं विमान, बरंचसं काम संगणकावर आणि जुन्यापेक्षा कितीतरी कमी इंधनात तेवढंच अंतर जाणारं.

मी कौतुकाने तो पेपर ऑफिसात नेला. ड्रायव्हर चहा पीत बसले होते.

"म्हणजे ॲव्हरेजवालं विमान," एक म्हणाला. "न्यूट्रल मारत असतील."

"आभायमा उतार कोठे शे रे?" दुसऱ्याने विचारलं.

घाटातला माझा तो ड्रायव्हर बशीत चहा ओतत म्हणाला, "शे ना. वरतून खाले येनं पडस का नही? तोच उतार."

सगळे हसले. मी मात्र पेपर घडी करून खिशात घातला. इंधन वाचवायचा एकच मार्ग मला माहीत होता आणि तो मी अंगावर घेतला होता. माझ्या डोळ्यांपुढे विमान आलं, आवाज नसलेलं, खाली येणारं, आणि आत ट्रे धरून उभी असलेली माझी मुलगी. तिथे घासायला डोंगरही नाही.

त्या संध्याकाळी मी स्वयंपाकघरात गेलो आणि बायकोला म्हणालो, "तिला नाही म्हण."

"मी कशाला? मला तर आवडलंय."

"मी म्हटलं तर ती कारण विचारील."

"मग सांगा कारण."

कारण सांगायचं म्हणजे घाट सांगावा लागला असता, आणि कुकरही. मी म्हटलं, "मी बाहेर काहीतरी ऐकलंय. माझ्यावर विश्वास ठेव." ती माझ्याकडे बघत राहिली. तवा तापून धुरायला लागला, तेव्हा तिने भाकरी टाकली.

जेवताना ती मुलीला म्हणाली, "आपल्यातल्या मुली लोकांपुढे ट्रे घेऊन फिरत नाहीत." हे वाक्य तिचं तिनेच शोधलं होतं. बिचारीला दुसरं काही सुचलं नसावं.

मुलगी म्हणाली, "आणि तू जन्मभर काय करतेस?"

मी ताट पुढे करून भाजी मागितली.

मुलीचं लग्न धुळ्याला झालं. घर चांगलं आहे, जावई शिक्षक आहेत. पण आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सगळ्या मुली माहेरी आठवडाभर राहतात, झोके खेळतात. आमची येते आणि दुसऱ्या दिवशी बॅग भरते. फोनवर माझ्याशी गप्पा मारते आणि शेवटी विचारते, "आई बरी आहे ना?" आई शेजारीच उभी असते.

नव्वदच्या दशकाच्या अखेरीस आमची केळी घेणाऱ्या दिल्लीच्या एका व्यापाऱ्याकडे लग्न होतं. मुंबईहून विमानाची तिकिटं त्यानेच काढली. बायकोचे गुडघे दुखायचे म्हणून मुलगी माझ्यासोबत आली. विमान पेपरातल्या त्याच जातीचं होतं. तिने बसल्या बसल्या ओळखलं. हवाई सुंदरीने पट्टा कसा लावायचा ते दाखवलं, तेव्हा मुलगी पापणी न लववता बघत होती. हात मांडीवर होते, पण बोटं त्या बाईबरोबर हलत होती.

दिल्ली जवळ आली आणि इंजिनांचा आवाज एकदम खाली गेला. घाटातला तोच वारा. मी मुलीचं मनगट पकडलं.

"घाबरलात नाना?"

"नाही. कान दुखतोय."

"उतरताना इंजिन असंच मंद करतात. बंद नाही होत," ती म्हणाली. तिला हे सगळं ठाऊक होतं. तिने तेव्हाच वाचून काढलं होतं. मी एकदा विचारलं असतं तर तेव्हाच सांगितलं असतं. मग खिडकीकडे बघत म्हणाली, "आईला एकदा आणायला हवं. तिलाही कळू दे, कशाला नाही म्हटलं होतं."

तेव्हा सांगता आलं असतं. चाकं जमिनीला लागेपर्यंत मी डोळे मिटून बसलो, आणि लागल्यावरही काही बोललो नाही.

आता उद्या आखाजी. हे लिहितोय असं मी बायकोला सांगितलं, तेव्हा ती पुरणाची डाळ निवडत होती. घाटाचंही सांगितलं, तिलाही ते पहिल्यांदाच. ती डाळ निवडत राहिली.

मग म्हणाली, "लिहा. पण तिला वाचून तुम्हीच दाखवायचं. मी पुन्हा तुमच्या वतीने बोलणार नाही."

धुळ्याहून मुलीची गाडी दुपारी येते. मी म्हटलं, स्टँडवर घ्यायला जातो, येताना रिक्षातच सांगून टाकतो.

"रिक्षात नाही," ती म्हणाली. "इथं. माझ्यासमोर."