कोपऱ्यातला टॉवेल

हे मी आजवर कुणाजवळ बोललो नाही — पत्नीजवळही नाही. आणि बोलायला बसलो की आधी शिकवायलाच लागतो, मास्तरकीची सवय. तेव्हा थोडे शिकवू द्या.

वजनदार मुष्टियोद्ध्याचा ठोसा सर्वांत शेवटी म्हातारा होतो. आधी जातात पाय, मग दम. शंभर किलोंचे शरीर प्रत्येक पावलाला स्वतःलाच उचलत असते. चाळिशीनंतर दोन फेऱ्यांमधल्या विश्रांतीत श्वास जागेवर येत नाही. ठोसा मात्र तसाच राहतो — आणि पाहणारा फसतो. मी फसलो, असे म्हणता येईल का? नाही. हे सारे मीच दारव्ह्याच्या शाळेत मुलांना फळ्यावर काढून दाखवत असे.

सुदाम माझा जुना विद्यार्थी, चाळिशी ओलांडलेला. आमच्याकडे एवढ्या वजनाचे खेळाडू मिळतच नाहीत. त्यामुळे कित्येक स्पर्धा तो प्रतिस्पर्ध्याविनाच जिंकला — आणि आम्ही दोघे त्याला ताकद समजलो. मग यवतमाळला एका तरुणाशी मैत्रीची लढत ठरली. ‘अनुभव जिंकेल,’ असे मी गावभर सांगत सुटलो. सुदामची बायको शीला तेवढी म्हणाली, “सर, जिना चढतानी बी दम लागते यायले. कायले उभं करता?” मी हसलो.

दुसऱ्या फेरीनंतर तो कोपऱ्यातल्या स्टुलावर कोसळला. प्रशिक्षकाने टॉवेल रिंगमध्ये टाकला की लढत थांबते. टॉवेल माझ्या खांद्यावर होता. सुदाम म्हणाला — किती हळू! — “सर, बस झालं. पाय उचलूनच नाही राह्यले.”

मी ऐकले. स्पष्ट ऐकले. पहिल्या रांगेत माझे सहकारी बसले होते — मी दातांचा रबरी गार्ड पुन्हा त्याच्या तोंडात घातला. त्याला पुढे बोलता येऊ नये म्हणून? होय. म्हणूनच.

तिसऱ्या फेरीत तो पडला, तो उठलाच नाही. दवाखान्यात शीलाने विचारले, “थांबवलं काहून नाही, सर?”

“मी टॉवेल उचलला होता,” मी म्हणालो. “तोच नको म्हणाला.”

आता सुदामच्या हातातली कपबशी वाजत राहते. ती लढत त्याला आठवत नाही. माझे वाक्य तेवढे पाठ आहे. तरी दर वेळी त्याचे दार वाजवताना मनात येते — आज आठवले असेल का?

परवा तो शेजाऱ्याला सांगत होता, “सर टावेल टाकतच होते. म्याच आयकलं नाही. बैलच आहो मी!”

शीला त्याच्यावर चिडली. नेहमीसारखी.

मी चहा प्यालो. चांगला झाला आहे, असेही म्हणालो.