बॉनेटवरचं कुंकू

हेमांगी भांडखोर नाही, हे आधीच सांगून टाकते. भांडखोर मी आहे. फुलपाड्यात आमचे दरवाजे समोरासमोर, त्यामुळे माझा आवाज तिला रोज ऐकू येतो. कधी भाजीवाला, कधी लिफ्टवाला, कधी सोसायटीचे सेक्रेटरी. तिचा आवाज मात्र मला कधी दाराबाहेर ऐकू आला नव्हता. म्हणून तिने एका गाडीच्या कंपनीला कित्येक महिने धारेवर धरलं तेव्हा मी डोळे फाडून बघत बसले, आणि तिच्या पाया पडावं की तिला मिठी मारावी हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

ती सातिवलीच्या एका गोडाऊनच्या ऑफिसात कामाला आहे. माल कधी निघाला, कुठे पोहोचला, ते बघायचं. पगारातून थोडं थोडं बाजूला टाकून तिने गाडी घेतली, पांढरी, लहानशी. नवरा कल्पेश चांगला आहे, पण गाडी चालवायची म्हटलं की त्याला घाम फुटतो. सासूबाई जिजाबाई यांचे गुडघे गेलेले. रिक्षात चढताना त्या 'आई गं' म्हणायच्या, ते हेमांगीला सोसायचं नाही.

जिजाबाईंचं घराणं खाडीकाठच्या शेतकऱ्यांचं. गावात अजून घर आहे, भातशेती आहे, पुतण्याचा ट्रॅक्टर आहे. यजमान बळीराम गेले तेव्हापासून बाई कुठल्याही मंगलकार्यात आपणहून मागे सरायच्या. ओवाळायची वेळ आली की यांना नेमकं स्वयंपाकघरात काम निघायचं. कुणी उघड काही म्हणत नव्हतं, आणि म्हणूनच मला त्याचा जास्त संताप यायचा. उघड बोलणाऱ्याशी भांडता तरी येतं.

नव्या गाडीचा पहिला दसरा गावच्या घरी होता. मीही माझी स्कूटर घेऊन गेले होते. अंगणात ट्रॅक्टर धुऊन उभा होता. जिजाबाईंची चुलत जाऊ पुतळाबाई, तिच्या मुलाची मोटारसायकलही होती. नंदाखाल गावचा एरॉल केळीचा घड द्यायला म्हणून आपली जुनी पांढरी गाडी घेऊन आला होता. बळीरामांचा तो दोस्त, दर दसऱ्याला केळी त्याच्याच वाडीतली. सगळ्यांसमोर हेमांगीने पूजेचं ताट सासूबाईंच्या हातात दिलं.

"आई, गाडीला कुंकू तुम्ही लावायचं."

"माझ्या हातान नको गो बाय. कोन काय बोलंल."

"गाडी माझी आहे. बोलणाऱ्याला मी बघते."

जिजाबाईंनी पदराला हात पुसले. करंड्यातलं कुंकू पाण्यात कालवलं आणि बॉनेटवर बोटाने स्वस्तिक काढलं. पहिली रेघ जरा वाकडी गेली. मग बाईंना असा काही हुरूप आला की त्यांनी ट्रॅक्टरला लावलं, मोटारसायकलला लावलं, माझ्या स्कूटरला लावलं, आणि ताट घेऊन एरॉलच्या गाडीकडे निघाल्या. एरॉल हसून म्हणाला, "लाव, लाव. आमच्या फादरना मी सांगतो." पुतळाबाई दारात उभी राहून हे सगळं बघत होती. तिच्या चेहऱ्यावरचा भाव मला तेव्हाच आवडला नव्हता.

होळीच्या सुमारास बॉनेटवर फोड आले. आधी स्वस्तिकाच्या कडेने, मग जरा पलीकडे. नखाने टोकरलं की पापुद्रा निघायचा आणि खालचा करडा थर दिसायचा. गाडी वॉरंटीत होती, म्हणून हेमांगी निवांत होती. सातिवलीलाच कंपनीचं सर्व्हिस सेंटर आहे. तिथल्या लोकांनी फोटो काढले आणि काही दिवसांनी पत्र पाठवलं. पत्र इंग्रजीत होतं. कल्पेशने ते जेवताना मोठ्याने वाचलं आणि वर मराठीत समजावूनही सांगितलं, की ग्राहकाने बॉनेटवर कुंकू हा बाहेरचा पदार्थ लावल्यामुळे रंग खराब झाला आहे, सबब वॉरंटी मिळणार नाही.

जिजाबाई भाकरी वाढत होत्या. त्यांनी भाकरी ताटात ठेवली आणि म्हणाल्या, "मी बोलली होती ना, माझ्या हातान नको."

त्या दिवसापासून त्यांनी देव्हाऱ्यातल्या करंड्याला हात लावला नाही. देवाला गंध-फूल हेमांगीनेच करायचं. पुतळाबाईने गावात बातमी पोहोचवायला वेळ लावला नाही. "आता तर कंपनीवाल्यांनीच लिहून दिलंय," असं ती म्हणत फिरायची. एका बारशाला जिजाबाई आल्याच नाहीत, गुडघ्याचं निमित्त काढलं. मी हेमांगीला म्हटलं, चल, त्या सर्व्हिस सेंटरवाल्याची खरडपट्टी काढू. ती म्हणाली, "मावशी, खरडपट्टी काढून कुंकवावरचा आळ जाईल का?"

मग तिने जे केलं ते मला सात जन्मांत सुचलं नसतं. दसऱ्याला त्याच ताटातलं कुंकू ज्या ज्या गाड्यांना लागलं होतं, त्या सगळ्या तिने गोळा केल्या. पुतण्याला रजा काढायला लावली. एरॉलला फोन केला. पुतळाबाईकडे ती स्वतः गेली, आणि तो प्रसंग बघायला मी मुद्दाम बरोबर गेले.

"काकू, तुमच्या मोटारसायकलला आईंनीच कुंकू लावलं होतं. तिचा रंग गेला का?"

पुतळाबाई अंगणातल्या मोटारसायकलकडे बघत राहिली. टाकी चकचकीत होती. तिने मुलाला हाक मारली आणि चावी द्यायला सांगितली.

एका शनिवारी सकाळी आमची वरात सातिवलीला निघाली. पुढे ट्रॅक्टर, कारण त्याच्या मागे राहिलं तरच सगळे एकत्र राहणार होते. मग मोटारसायकल, मी, एरॉल, आणि शेवटी हेमांगीची पापुद्रे निघालेली गाडी. सर्व्हिस सेंटरच्या वॉचमनने ट्रॅक्टर बघून फाटक लावायला घेतलं. "सर्व्हिसिंगला नाही आणलाय," हेमांगी म्हणाली, "साक्षीला आणलाय."

मॅनेजर चिराग बाहेर आला. तिशीतला मुलगा, गळ्यात ओळखपत्र, तोंडात सारखं 'मॅडम, मॅडम'. हेमांगीने त्याला एकेका गाडीजवळ नेलं. दसऱ्याचे फोटो मोबाइलवर दाखवले. ताट तेच, हात तोच, दिवस तोच. एरॉलच्या गाडीवर तर गुलाबी डाग अजून होता.

"मी काय तो धुवत नाय," एरॉल म्हणाला. "जिजाबायने लावलाय. माझी गाडी पन पांढरीच हाय बाबा, बघ, खरवडून बघ."

चिरागने खरंच नखाने खरवडलं. काही निघालं नाही. मग त्याने आम्हा सगळ्यांना चहा पाजला. माणूस अडचणीत आला की चहा मागवतो, हा माझा अनुभव. चहा संपल्यावर त्याने कागद पुढे केला. कंपनी सौजन्य म्हणून बॉनेट फुकट रंगवून देईल, मॅडमनी सही करावी.

मी मनात म्हटलं, जिंकलो. हेमांगीने कागद वाचला आणि परत ठेवला. "यात अजून लिहिलंय की नुकसान कुंकवाने झालं."

"ते फक्त कारण आहे मॅडम. सिस्टीममध्ये टाकावं लागतं. तुम्हाला तर रंग मिळतोय ना?"

"रंग नको मला. आधी ते वाक्य काढा."

ती उठलीच. फाटकाबाहेर मी तिला वेडी म्हटलं. घरी कल्पेश म्हणाला, "अगं, घ्यायचं ना पदरात पडतंय ते!" तिने ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी तीच कोड आल्यासारखी गाडी घेऊन कामावर गेली. पावसाळाभर ती तशीच फिरली. सोसायटीतली मुलं गाडीवर बोटाने नकाशे काढायची. ती मुख्य कार्यालयाला पत्रं पाठवायची, आणि उत्तर यायचं की आपली तक्रार आमच्यासाठी महत्त्वाची आहे. हे वाक्य लिहिणाऱ्याला एकदा माझ्यासमोर उभा करा, एवढीच माझी इच्छा आहे.

पावसाळा सरता सरता टपावरही फोड दिसले. हेमांगी परत सातिवलीला गेली, मीही गेले. चिराग थकलेल्या आवाजात म्हणाला, "मॅडम, खरं सांगा, एका वाक्यासाठी एवढं का?"

तोवर तिने घरातली गोष्ट त्या माणसाला सांगितलेली नव्हती. त्या दिवशी सांगितली. "माझ्या सासूबाई विधवा आहेत. बऱ्याच वर्षांनी त्यांनी चारचौघांत कुंकवात बोट बुडवलं, तेही मी हट्ट केला म्हणून. लोक आधी नुसते कुजबुजायचे. तुमच्या पत्रानंतर त्यांना पुरावा मिळाला. आता आई देवाला फूलसुद्धा वाहत नाहीत. तुम्ही गाडी सोन्याने मढवून दिलीत तरी मी काय करू तिचं?"

तिचा आवाज चढला नाही, शेवटी फक्त फाटला. मला रडू आलं आणि रडू आलं म्हणून रागही आला. चिरागने हातातलं पेन टेबलावर ठेवलं. मग उठून गाडीपाशी गेला, टपावर हात फिरवला आणि विचारलं, "आजींनी इथेही कुंकू लावलं होतं?"

"आई माझ्या खांद्याला लागतात," हेमांगी म्हणाली. "त्यांचा हात टपाच्या मध्यापर्यंत पोहोचतच नाही."

त्याने स्वतः फोन फिरवले. कंपनीचा रंगाचा तज्ज्ञ आला. त्याने टपाच्या मधोमध एक रुंद चिकटपट्टी दाबून बसवली आणि ओढली. पट्टीबरोबर रंगाचा अख्खा तुकडा उठून आला. तज्ज्ञाने तो चिरागसमोर धरला. कारखान्यातच रंग नीट धरला नव्हता, एवढी साधी गोष्ट होती.

नवं पत्र आलं ते हेमांगीने आग्रह धरून मराठीत करून घेतलं होतं. जिजाबाई तांदूळ निवडत बसल्या होत्या. तिने वाचलं, की रंगातील दोष हा उत्पादनातील असून कुंकू लावल्यामुळे कोणतीही हानी झालेली नाही, आधीच्या पत्रातील विधान आम्ही मागे घेत आहोत.

"परत वाच," जिजाबाई म्हणाल्या.

तिने परत वाचलं. बाईंनी तांदळातला खडा बाजूला टाकला आणि विचारलं, "त्या पुतळाला पन वाचून दावशील?" पण देव्हाऱ्याकडे त्या काही वळल्या नाहीत. सवय अशी एका कागदाने मोडत नाही.

गाडी रंगवून झाल्याचा फोन आला तेव्हा हेमांगीने सासूबाईंना बरोबर घेतलं, आणि मला तर घ्यावंच लागतं. गाडी आरशासारखी चमकत होती. चिराग नवीन गाड्यांसाठी ठेवलेलं पूजेचं ताट घेऊन बाहेर आला आणि जिजाबाईंपुढे वाकला. "आजी, तुम्हीच लावा."

जिजाबाईंनी त्याच्याकडे रोखून बघितलं. "लावू? मग तुमचा रंग जाईल."

त्याचे कान लाल झाले. "नाही जाणार, आजी. आमचंच चुकलं होतं."

हेमांगीने पर्स उघडली आणि देव्हाऱ्यातला करंडा काढून सासूबाईंच्या हातावर ठेवला. बाईंनी तो थोडा वेळ नुसता धरला. डोळ्यांतून पाणी येत होतं, ते त्यांनी पुसलं नाही. मग बोट ओलं करून कुंकवात बुडवलं आणि त्या कोऱ्या पांढऱ्या बॉनेटवर स्वस्तिक काढलं. या वेळी रेघ सरळ आली.

आम्हाला वाटलं झालं, निघावं. पण जिजाबाईंनी चिरागच्या हातातलं ताट घेतलं आणि सर्व्हिसिंगसाठी रांगेत उभ्या असलेल्या परक्या गाड्यांकडे चालू लागल्या. चिराग काही बोलणार होता. हेमांगीने त्याच्याकडे नुसतं बघितलं, आणि तो बाजूला झाला.