चौसष्ट केमध्ये बसवलेलं ऑस्ट्रियाचं पायदळ

"ऑस्ट्रिया परत जिंकला," मार्ज वैतागून म्हणाली. "कसंही खेळा, जिंकतोच."

मार्ज आमची टेस्टर. शाळेतून रिटायर झालेली इतिहासाची टीचर. आम्ही लिहिलेले गेम खेळून त्यातल्या चुका, म्हणजे बग, काढणं हे तिचं काम. अमेरिकेतल्या शॉमबर्गमध्ये एका कार्पेटच्या दुकानावर आमची दोन खोल्यांची कंपनी होती. ऐंशीच्या दशकात घरोघरी छोटे कॉम्प्युटर येत होते, त्यांच्यासाठी आम्ही लढाईचे गेम बनवायचो. नागपूरहून एम.एस्सी. करून आलेली मी पहिल्या महायुद्धातलं ऑस्ट्रिया-हंगेरीचं पायदळ चालवत होते. आईला मी फक्त 'कॉम्प्युटरचं काम' एवढंच सांगितलं होतं.

हे साम्राज्य खऱ्या युद्धात हरून नकाशावरूनच गेलं. आमच्या गेममध्ये मात्र ते मॉस्कोपर्यंत फिरून यायचं. आमचा बॉस रिक याला त्यात काही वावगं वाटेना. पण असले गेम घेणारे लोक युनिफॉर्मचं बटण चुकलं तरी फोन करून झापतात, हे मार्जने त्याला पटवलं.

"मग रायफल खराब कर," रिकने तोडगा काढला.

"रायफल चांगली होती, रिक," मार्ज म्हणाली.

खरंच होती. त्यांच्या मानलिकर रायफलचा बोल्ट, म्हणजे गोळी आत सरकवणारा दांडा, वळवावा लागत नसे. सरळ मागे ओढायचा, पुढे ढकलायचा. बटालियनमध्ये चार तुकड्या, जोडीला मशीनगन. कागदावर सगळं झकास.

"मग हरले कसे?" रिकने विचारलं.

मी लायब्ररीतून पुस्तकं आणली. कारणं पुष्कळ निघाली, पण एक आमच्या प्रोग्रॅममध्ये नावालाही नव्हतं. त्या सैन्यात जर्मन, हंगेरियन, चेक, पोलिश, रुमेनियन अशा दहा-अकरा भाषा. कवायतीचे हुकूम तेवढे जर्मनमध्ये. बाकी बोलणं शिपायांच्या भाषेत, आणि ती ऑफिसरने शिकायची. युद्धात जुने ऑफिसर मेले. नवे आले, ते भाषा न शिकताच. आमच्या गेममधले शिपाई मात्र बटण दाबताच हल्ल्याला धावायचे.

"ऑफिसरची आणि शिपायांची भाषा जुळली नाही, तर हुकूम एक चाल उशिरा पोचेल," मी सुचवलं.

रिक हसला. "वॅनी, अशी आर्मी कोण चालवेल?"

माझं नाव वनमाला. त्याच्या हाताखाली येऊन मला बरीच वर्षं झाली होती.

"शिवाय मेमरी कुठाय?"

हा मुद्दा बरोबर होता. मशीनची मेमरी चौसष्ट के, म्हणजे आजच्या फोनमधल्या एका फोटोलाही पुरणार नाही. त्यातली बरीचशी सुरुवातीच्या स्क्रीनवर पंख फडफडवणाऱ्या, ऑस्ट्रियाच्या राजचिन्हातल्या दोन डोक्यांच्या गरुडाने खाल्लेली. गरुड रिकने स्वतः बनवलेला, त्यामुळे पवित्र. मी त्याचे पंख थांबवले. सगळ्या भाषा आरामात बसल्या.

रिक आठवडाभर माझ्याशी बोलला नाही. मग म्हणाला, "ठेव. पण डेमोत काही झालं, तर ते तुझं."

डेमो डिस्ट्रिब्युटरसाठी होता, म्हणजे आमचे गेम दुकानांत पोचवणाऱ्यासाठी. तो नाही म्हणाला असता तर कंपनी बंद, आणि माझं ग्रीन कार्ड कंपनीच स्पॉन्सर करत होती. त्या सकाळी माझा नवरा श्रीकांत म्हणाला, "अगं, उडू दे ना तो गरुड, यार!"

डिस्ट्रिब्युटर हॅरिस खेळायला बसला. एका हंगेरियन बटालियनचा ऑफिसर मेला. त्याच्या जागी हॅरिसने एक चेक ऑफिसर नेमला आणि हल्ल्याचा हुकूम दिला. बटालियन हललीच नाही. त्याने परत बटण दाबलं. तेवढ्यात रशियन आले आणि बटालियन संपली.

"बग आहे," रिक घाईघाईने म्हणाला. "वॅनी आजच काढेल."

नुसती मान डोलावली असती तरी निभावलं असतं.

"बग नाही," मी म्हटलं. "ऑफिसर तुम्ही बदललात. त्याला हंगेरियन येत नाही."

रिकने डोळे मिटून घेतले. हॅरिसने खुर्ची पुढे ओढली.

"हंगेरियन येणारा कोण आहे?"

लंच टाइम उलटला तरी तो उठेना. लढाई राहिली बाजूला, तो ऑफिसरांच्या बदल्या करत बसला होता. जाताना ऑर्डर देऊन गेला.

गेम चांगला खपला. खोक्यावर ठळक अक्षरांत छापलं होतं, 'रिकच्या कल्पनेतून साकारलेली अस्सल कमांड सिस्टिम'. माझं नाव मॅन्युअलच्या शेवटच्या पानावर, छापखान्याच्या पत्त्याखाली. ग्रीन कार्ड मात्र माझ्याच नावाने आलं.

या धंद्यात मी एवढंच शिकले. प्रोग्रॅमरला सुचलं की तो बग असतो, गिऱ्हाइकाला आवडलं की तेच फीचर होतं, आणि फीचर कायम बॉसचं असतं.