बाभळीचा पाइप

नरहर गुल्हानेचं नालवाडीत घड्याळ दुरुस्तीचं दुकान होतं. सेलवरची घड्याळं आली, बिघडलं की लोक फेकून नवं घ्यायला लागले, आणि नव्वदनंतर दिवसाकाठी दोन गिऱ्हाइकं आली तरी पुष्कळ. बायको मीरा वारली होती, मुलगा सुमीत बडोद्याला. घरी कुलूप आणि दुकानात टिकटिक.

एकदा भंगारवाल्या कवडूनं एक जुना, तंबाखू ओढायचा लाकडी पाइप आणला. त्याच्यावरचं कडं चांदीचं आहे का, एवढंच त्याला हवं होतं. नरहरनं डोळ्याला भिंग लावलं. कड्यावर तांदळाच्या कणीएवढ्या खुणा दिसल्या : सिंह, जहाजाचा नांगर आणि एक अक्षर. त्यांचा अर्थ लागेपर्यंत त्याला चैन पडेना. नागपूरच्या ग्रंथालयात चार खेपा घालून त्यानं अशा खुणांची कोष्टकं वहीत उतरवून घेतली. सिंह म्हणजे अस्सल चांदी, नांगर म्हणजे बर्मिंगहॅम, अक्षरावरून साल. जन्मात विडी न ओढलेला माणूस पाइप वाचायला शिकला. मग कापसाच्या जिनिंग कारखान्यातल्या गोऱ्या साहेबांचे मागे राहिलेले पाइप लोक शोधून शोधून त्याला दाखवू लागले.

आर्वीजवळच्या तळेगावचे पुंडलिकराव दर महिन्यात एका गुरुवारी रक्तदाबाच्या गोळ्यांसाठी सेवाग्रामला येत आणि जाताना दुकानात टेकत. दोघं चहा घेत. बोलणं फारसं नसे. पण त्या गुरुवारी नरहर दाढी करून येई.

शहाण्णव साली पुंडलिकरावांनी रुमालात गुंडाळलेला एक पाइप काढला. त्यांचे वडील जिनात सुतार होते.

"माह्या बापाले साहेबानं जातानी देल्ला हा. घरात देवासारखा ठेवला आमी. सांगा बरं, विलायतेत कुठचा हाय?"

नरहरनं भिंग लावलं आणि बराच वेळ मान वर केली नाही. सिंह ठशानं उठवलेला नव्हता, हातानं कोरलेला होता, आणि शेपटी मांजराची वाटत होती. लाकूड बाभळीचं. आत तंबाखूचा डाग नाही, जळल्याची खूण नाही. हा पाइप कोणी कधी ओढलाच नव्हता.

"पुंडलिकराव, हा विलायती नाई. इथंच बनला. तुमच्या वडिलांच्याच हातचा असन."

"मंजे माहा बाप खोटं बोलला?"

"तसं नाई म्हणून राह्यलो मी. काम तर पाहा—"

"काऊन करन तो असं?"

नरहरला कळलं होतं. इतकी वर्षं चाकरी करून घेऊन साहेब एक शब्दही न बोलता निघून गेला असेल, आणि घरी सांगायला सुताराकडे काहीतरी हवं असेल. पण हे त्याला शब्दांत मांडता येईपर्यंत पुंडलिकराव रुमालाची गाठ मारून पायरी उतरले होते. चहा तसाच राहिला.

पुढचा महिना गेला, वर्ष गेलं. ते आले नाहीत. पत्र टाकावं असं नरहरच्या मनात अनेकदा आलं. कार्ड आणलंही, पण 'स. न. वि. वि.'च्या पुढे हात सरकेना.

दोन हजार चार साली सेवाग्रामच्या दवाखान्यात नव्यानं लागलेली एक नर्स दुकानात आली.

"काकाजी, मी प्रेरणा. तळेगावच्या पुंडलिकरावची पोरगी. बाबा दिवाळीत गेले."

नरहरनं तिला स्टूल दिलं. ती सांगू लागली. त्या भांडणानंतर वर्षभरानं बाबांना आजोबांच्या हत्यारांच्या पेटीत एक कागद सापडला होता. त्यावर पेन्सिलीनं काढलेले वीस-बावीस सिंह होते, खोडून खोडून पुन्हा काढलेले.

"मग आले काऊन नाई?"

"दोनदा निघाले होते. आर्वीपर्यंत येऊन वापस गेले. गोळ्याही तिथूनच घेत. म्हणत, आता कोणत्या तोंडानं जाऊ?"

"मी कुठं रागावलो होतो," नरहर म्हणाला. प्रेरणाला ड्युटीवर जायचं होतं. ती गेली.

पुढच्या रविवारी तो एसटीनं तळेगावला गेला. पुंडलिकरावांच्या पत्नी, सुमित्राबाई, यांनी काचेच्या कपाटातून पाइप काढून त्याच्या हाती दिला. "माह्या सासऱ्याच्या हातचा हाय," त्या म्हणाल्या. "आल्यागेल्याले आमचे हे असंच सांगत."

निघताना त्या म्हणाल्या, "येत जा जी, भाऊ."

तो आणखी एकदा गेला. सुमित्राबाई स्वयंपाकाला लागल्या आणि तो ओसरीतल्या बाजेवर एकटाच बसून राहिला. बोलायचं ज्याच्याशी होतं, तो माणूस नव्हता. तिसऱ्यांदा जाणं झालं नाही.