कॉलनीतले लखीराम सर

लखीराम राठोडांनी आयुष्यात एकच लबाडी केली, आणि तीही गप्प बसून.

यवतमाळला कळंब रोडवरच्या नव्या कॉलनीत ते मुलाकडे राहायला आले, तेव्हा उन्हाळा लागला होता. आठ वाजले की ऊन अंगावर धावून येई, म्हणून कॉलनी साडेपाचलाच फिरायला निघे. एकदा शेजारच्या इंद्रजीतनं कुंपणापलीकडचे पिवळे झुपके दाखवून विचारलं, हे काय?

"बहावा हाये. चिंचेच्या खानदानातला."

"कॉलेजात होते काय तुमी?"

"हो, बॉटनीत."

"मंग सर म्हना ना!"

झाले सर! खरं तर ते प्रयोगशाळेत शिपाई होते. तीस वर्षं "ए लखीराम, स्पिरिट आण" ऐकलेल्या कानांना हे 'सर' फार गोड लागलं. उद्या सांगू, परवा सांगू म्हणता म्हणता अर्धा वैशाख सरला. रोज सकाळी मागे पाच-सात माणसं आणि पुढे दोन कुत्री, अशी त्यांची वरात निघू लागली. हाडकुळा शेरू दर कोपऱ्यावर परक्या कुत्र्यांशी भांडण उकरून काढी. लठ्ठ पाटलीण कुणाच्याही ओट्यावर घरमालकिणीसारखी बसे. दोघांचा जीव सरांच्या खिशातल्या शिळ्या भाकरीत.

मग एके दिवशी इंद्रजीत धावत आला. "सर, शुभदा मॅडम राहाले आल्या आपल्या कॉलनीत. बॉटनीच्या हेड होत्या म्हनतात! उद्यापासून फिराले येऊन राह्यल्या. तुमची ओळख असनच."

तीन दिवस गुडघ्याचं निमित्त करून लखीराम घरात दडून बसले. पण कुत्र्यांना कसली भीडभाड? चौथ्या दिवशी दोघांनी फाटकासमोर असा गळा काढला, की फिरणारी सगळी मंडळी तिथेच गोळा झाली. बिचारे चपला सरकवून बाहेर आले, तर समोर काठी टेकत मॅडमच उभ्या.

"मी सर नाही," ते एकदम बोलून गेले. "मॅडमच्या लॅबमधला शिपाई होतो. तुमी सर म्हटलं, मले बरं वाटलं. चुकलं माहं."

इंद्रजीत खाली मान घालून उभा राहिला.

"मग माझंही ऐका," मॅडम म्हणाल्या. "परीक्षेला ट्रेमध्ये फांद्या हेच मांडायचे. सोबत यांनीच लिहिलेली उत्तरांची एक चिठ्ठी असायची. मुलांसाठी नाही, माझ्यासाठी. लॅटिन नाव विचारा, झोपेतून उठून सांगेन. झाड समोर आलं की माझं ततपप." मग त्यांनी फाटकाजवळच्या कोवळ्या झाडाकडे काठी केली. "आता हेच बघा. कोणतं हो हे, लखीराम?"

तीस वर्षांत मॅडमनी त्यांना असं चारचौघांत कधी विचारलं नव्हतं. त्यांनी डोळे पुसले, दोन पानं खुडून चुरगाळली आणि मॅडमच्या नाकाशी धरली.

"बडीशेपवानी वास येते ना? कवठ हाये."

मॅडमनी दोनदा वास घेतला, मान हलवली.

"ध्यानात ठेवजा," लखीराम म्हणाले. "उद्या विचारीन मी."