‘विचारलं’ असं मी म्हणालो होतो

सुनंदाताई गेल्याचं मला त्यांच्याच फोनवरून कळलं. पोलिस नियंत्रण कक्षात माझ्या टेबलावर डाव्या हाताला एक फोन आहे, तो फक्त रुग्णवाहिकेच्या कक्षाला जोडलेला. नंबर फिरवावा लागत नाही, इकडे उचलला की तिकडे वाजतो. अपघात झाला, आग लागली, कोणी पंचगंगेत उडी टाकली, की पोलिसांची गाडी मी हलवायची, रुग्णवाहिका त्यांनी, आणि काम संपेपर्यंत दोघांनी एकमेकांना सांगत राहायचं, एवढ्यासाठी तो ठेवलेला आहे. सोळा वर्षं त्या फोनवर पलीकडे सुनंदा कांबळे होत्या. निवृत्त होऊन त्यांना आठ महिने झाले होते, तरी तो वाजला की माझ्या तोंडून "बोला ताई" असंच निघायचं. त्या मंगळवारी दुपारीही तसंच निघालं. पलीकडे त्यांच्या जागेवर आलेली मुलगी होती. म्हणाली, "सर, ताई गेल्या. घरीच. हार्ट अटॅक." मी पेन उचलून वेळ लिहिली, ठिकाण लिहिलं, नाव लिहिलं... आणि मग लक्षात आलं की आपण हे कोणालाच कळवायचं नाहीये.

त्यांच्या घरी गेलेली गाडी किती वाजता निघाली, किती वाजता पोचली, हे मी त्या मुलीकडून दोनदा वदवून घेतलं. गाडी वेळेत निघाली होती, वेळेत पोचली होती, रस्ताही मोकळा होता. कुठे काही चुकलेलं सापडलं असतं तर निदान कोणावर तरी ओरडलो असतो. माझा स्वभावच तापट, आणि तेव्हापासून तर मला एका जागी बसवत नाही. हा लेख लिहायला बसतो, चार ओळी झाल्या की उठून गॅलरीत जातो, तिथून जिन्यात. बायको म्हणते, "अवो, जरा टेका की कुठंतरी, भिंगरी लागलीया जनू पायाला." तिला कारण माहीत नाही. तीही हा लेख इथेच वाचणार आहे.

ताई मूळच्या नर्स. राधानगरीच्या बाजूला एका आरोग्य केंद्रात त्यांची उमेदीची वर्षं गेली. पावसाळ्यात तिथे रस्ता तुटायचा, आणि अडलेली बाई समोर घेऊन गाडीची वाट बघत बसणं हे काम इंजेक्शन देण्यापेक्षा जास्त असायचं. एकदा गाडी शेजारच्या वाडीत जाऊन परत फिरली, कारण पोलिसांनी एक गाव सांगितलं होतं, केंद्रानं दुसरं, आणि दोघं एकमेकांशी बोललेच नव्हते. ती बाई वाचली, मूल वाचलं नाही. हे त्यांनी मला एकदाच सांगितलं, तेही मी फोनवर कुरकुर करत होतो म्हणून. रुग्णवाहिकेच्या कक्षात बदली मिळाली तेव्हा टेबलावरची नोकरी म्हणून घरचे खूश झाले होते. पण ताईंनी त्या टेबलावर एक दिवससुद्धा आराम केला नाही.

आमची ओळख भांडणातून झाली. पन्हाळ्याच्या घाटात पर्यटकांची जीप खाली गेली होती. बघ्यांची गर्दी आवरायला मी वरून-खालून रस्ता बंद करवला आणि नाक्यावरच्या शिपायाला बजावलं, कोणतीही गाडी वर सोडायची नाही. त्यानं इमानेइतबारे रुग्णवाहिकाही अडवली. डावीकडचा फोन वाजला.

"हवालदार, तुमचा मानूस आमची गाडी परत फिरवतोय. जखमींनी काय चालत खाली यायचं?"

"मीच सांगितलंय, कोणतीही गाडी सोडू नको म्हणून."

"मग त्येचं काय चुकलं न्हाई. हुकमाचा ताबेदार हाय बिचारा. हुकूम देनाऱ्याला डोकं पायजे हुतं."

मी इतका भडकलो की रिसीव्हर आपटला. आपटल्यावर वायरलेसवरून गाडी सोडायला सांगितली, हा भाग वेगळा. पंधरा दिवसांनी एक ठेंगणी बाई, खांद्याला भलीमोठी पर्स, सरळ आमच्या कक्षात आल्या. सगळ्या खोलीवर एक नजर फिरवून म्हणाल्या, "हितनं व्हय, उंटावरनं शेळ्या हाकताय?" आणि खुर्ची ओढून माझ्यासमोर बसल्या. तासाभरात आमचं ठरलं. रस्ता बंद करायच्या आधी मी त्यांना विचारायचं, तुमची गाडी कुठून येतेय. आणि गाडी सोडायच्या आधी त्यांनी मला विचारायचं, तिथे हाणामारी चालू आहे का, आमचा माणूस पोचलाय का. हे कुठल्या परिपत्रकात नव्हतं. आता दोन्हीकडे स्क्रीन आल्या आहेत, बटण दाबलं की सगळं दिसतं म्हणतात. तेव्हा आमचे दोन आवाज, एवढीच काय ती यंत्रणा होती.

या कामात सगळ्यात फसवी गोष्ट म्हणजे दुबार कॉल. एक अपघात झाला की दहा माणसं फोन करतात. कोणी पेट्रोल पंपाजवळ म्हणतो, कोणी ओढ्याजवळ, अपघात एकच. म्हणून नंतरचे कॉल पहिल्याला जोडायचे आणि ‘दुबार’ लिहायचं. ताईंचा नियम असा, की दुबार लिहिण्याआधी फोन करणाऱ्याला दोन गोष्टी विचारायच्याच. तुमच्या समोर काय दिसतंय, आणि तिथे आमची गाडी पोचलेली दिसतेय का. मी दुबार म्हणालो की त्या लगेच म्हणायच्या, "इचारलासा न्हवं?" मी "विचारलं" म्हणालो, की मगच त्या पुढे जायच्या. हजार वेळा तरी हे झालं असेल. हजार वेळा मी खरंच विचारलेलं असायचं.

आता ज्यासाठी मी लिहायला बसलोय ते लिहितो... सहा वर्षं झाली त्याला. उसाचा हंगाम चालू होता. कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत संध्याकाळची पाळी सुटली, आणि रस्त्यावर एक मोटरसायकल उसाच्या ट्रॉलीखाली गेली. पहिला कॉल आला, मी ताईंना कळवलं, त्यांची गाडी निघाली, आमचीही निघाली. मग फोनवर फोन. आठव्या-नवव्या मिनिटाला एकाचा आला, "एमआयडीसीच्या रोडवर मोटरसायकलवाला पडलाय, पाय लई चेंगरलाय." मी म्हणालो, "गाडी निघालीय, येतेच आहे," आणि ठेवला. पुढच्या ओळीत दुबार लिहिलं. काही विचारलं नाही. तोवर सहा लोक तेच सांगून गेले होते, माझं डोकं उठलं होतं. कॉलचा आकडा ताईंना कळवायला डावीकडचा फोन उचलला.

"ह्यो सातवा कॉल कुठला?"

"तोच हो. दुबार."

"इचारलासा न्हवं?"

"विचारलं."

तो दुबार नव्हता. पहिल्या अपघातामुळे मागे वाहनं तुंबली होती, त्यातून एकानं मोटार उलटी वळवली आणि मोटरसायकलवरच्या दुसऱ्याच एका कामगाराला उडवलं. तो एक किलोमीटर मागे पडून होता. पुढे आमच्या दोन्ही गाड्या उभ्या, दिवे चालू, आणि मागे हा पंचवीस मिनिटं रस्त्याच्या कडेला. शेवटी लोकांनी त्याला टेम्पोत घालून नेलं. जीव वाचला. पाय गुडघ्यापासून काढावा लागला. डॉक्टरांनी चौकशीत सांगितलं की लवकर आणला असता तर पाय राहण्याची शक्यता होती. त्यांनी ‘शक्यता’ म्हटलं होतं. मी सहा वर्षं त्या एका शब्दाला धरून बसलोय.

चौकशीच्या बैठकीत माझ्या कॉलचं रेकॉर्डिंग लावलं. मी काही विचारलं नाही, हे सगळ्यांनी ऐकलं. घाईत झालं, म्हणालो. मग साहेब ताईंकडे वळले. दुबार असल्याची खात्री तुमच्या कक्षानं का केली नाही? आमच्या दोघांमधला तो फोन रेकॉर्ड होत नव्हता. मी ‘विचारलं’ म्हणालो होतो हे त्या खोलीत दोनच माणसांना माहीत होतं. त्या एक वाक्य बोलल्या असत्या तर मी संपलो असतो. घाई माफ होते, खोटं बोललेलं होत नाही, आणि बढतीच्या यादीत माझं नाव वर आलेलं होतं. ताईंनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. म्हणाल्या, "मी परत खात्री करायला पाहिजे होती, साहेब. चूक दोन्ही टेबलांची आहे." मी मूग गिळून बसलो. मला तोंडी समज मिळाली. त्यांना लेखी ताकीद, त्यांचं खातं जास्त कडक म्हणून. ती त्यांच्या सेवापुस्तकात लागली आणि तिच्यासकटच त्या निवृत्त झाल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी फोन वाजला. तोच आवाज, त्याच सुरात, "हवालदार, गडहिंग्लज रोडला झाड पडलंय, तुमचं कोन हाय तिकडं?" बस्स, त्यावर पुन्हा एक अक्षर नाही. वर्षभरानं मी सहायक फौजदार झालो, पण त्या मला हवालदारच म्हणत राहिल्या. मी एकदा चेष्टेत हटकलं तर म्हणाल्या, "माझ्या लेखी हाय त्योच हाईसा." मी हसलो. चोराच्या मनात चांदणं, त्यामुळे त्या रात्री जेवण गेलं नाही.

दर दिवाळीला मी फराळाचा डबा घेऊन त्यांच्याकडे जायचो. स्वयंपाकघरात ओट्याजवळ एक लाकडी स्टूल होतं, त्यावर त्या बसायच्या, मी समोर खुर्चीत. चहा पिऊन झाला तरी त्या उठायच्या नाहीत. भांडी पडलेली असायची, बाहेर कोणी आलेलं असायचं, तरी बसून राहायच्या. बाईला गप्पांची हौस आहे, असं मी धरून चाललो होतो. फोनवर कामाशिवाय चकार शब्द न बोलणारी बाई... मला कळायला हवं होतं.

पुण्यानुमोदनाच्या दिवशी त्यांच्या घरी माणूस मावत नव्हता. रुग्णवाहिकांचे चालक दारापासून कोपऱ्यापर्यंत उभे होते. मी हात जोडून परत आलो. पुढच्या रविवारी सकाळी पुन्हा गेलो. त्यांचे यजमान प्रकाशराव, फौंड्रीतून निवृत्त झालेले, मोजकं बोलणारे गृहस्थ, एकटेच होते. मी उभ्या-उभ्याच सगळं सांगून टाकलं. ताईंनी विचारलं होतं. मी खोटं बोललो. ताकीद माझी होती.

"ठावं हाय मला," ते म्हणाले. "चौकशी झाली त्याच सांजला तिनं सांगितलं."

मी स्वयंपाकघरातल्या त्या खुर्चीत बसलो.

"मी भांडलो की तिच्याशी. म्हटलं, का म्हनून झाकतीस त्येला? तर म्हनाली, उद्या सकाळी त्याच मानसाला फोन करायचा हाय मला. आज त्येला उघडा पाडला तर उद्यापासनं त्यो मला भिऊन बोलनार. चुकलं तर दडवनार. मग रस्त्यावर पडलेल्याचं काय?" त्यांनी गॅस पेटवून चहाचं आधण ठेवलं. पाठमोरेच म्हणाले, "पर आपनहून सांगशिला, असं वाटायचं तिला. दिवाळीला तुम्ही आलासा की बसून ऱ्हायाची. तुम्ही गेल्यावर भांडी घासताना म्हनायची, आज बी न्हाई बोलला."

ताईंच्या खात्यात मी लेखी अर्ज केला आहे, ती ताकीद काढावी म्हणून, सगळं खरं लिहून. तिथल्या बाबूनं मला समजावलं, साहेब, बाई वारल्या आहेत, फाइल बंद झाली, आता काढून कोणाला काय मिळणार? म्हणून इथे लिहितो आहे. त्या संध्याकाळी सुनंदा कांबळे यांनी त्यांचं काम चोख केलं होतं. चूक एकाच टेबलाची होती आणि त्या टेबलावर मी होतो. तो पाय गमावलेला माणूस हे वाचत असेल तर त्यानंही हे ऐकावं. त्याच्या दारात जायचं अजून बाकी आहे, आणि ते मी टाळणार नाही.

त्या रविवारी प्रकाशरावांनी चहा दिला आणि ते बाहेर जाऊन बसले. मुद्दाम गेले असावेत. मी स्वयंपाकघरात त्या खुर्चीवर, समोर रिकामं स्टूल. मी पुन्हा सगळं सांगितलं, हळू आवाजात, वायरलेसवर सांगतात तसं. किती वाजता, कुठे, कोण. मी विचारलं नव्हतं, ताई. सांगून झाल्यावर सवयीनं थांबलो. पलीकडचा माणूस ‘मिळालं’ म्हणेपर्यंत निरोप पोचला असं आमच्याकडे धरत नाहीत, तोवर जागा सोडायची नसते. चहावर साय धरली. बाहेर प्रकाशराव दोनदा खाकरले. मी बराच वेळ तसाच बसून होतो.